एकट्या ‘शकणे’ने किती राबावे?

एका कार्यालयाच्या व्हरांड्यात पाटी होती : ‘अभ्यागत येथे बसू शकत नाहीत.’ बाक तर चांगला भक्कम होता! लिहिणाऱ्यास ‘बसू नये’ असे म्हणावयाचे होते. मनाई करता करता त्याने अभ्यागतांना पंगू करून टाकले.

‘शकणे’ हे काही परके क्रियापद नव्हे. संस्कृतातील ‘शक्’ धातूचेच ते लेकरू. तक्रार आहे ती त्याच्यावर लादलेल्या वेठबिगारीची. कुवत, परवानगी, विनंती सारे त्याच्याच माथी. इटालियन भाषेत ‘पोतेरे’ हे क्रियापद ही तिन्ही कामे करते. ‘पोसो एन्त्रारे?’ म्हणजे ‘आत येऊ का?’ पण पोहण्याची विद्या अंगी असल्याचे सांगताना तो इटालियन माणूसही ‘पोतेरे’ बाजूला ठेवतो आणि ‘सो नुओतारे’, म्हणजे ‘पोहणे जाणतो’, असे म्हणतो. आपण मात्र ‘मला पोहता येते’ हे सोडून ‘मी पोहू शकतो’ म्हणू लागलो. ‘मला येते’ म्हणताना विद्या आपल्याकडे चालत येते. केवढा विनय आहे त्यात!

लोणारच्या सरोवराकाठी एखादी म्हातारी बरोबरच्यांना म्हणते, ‘तुम्ही जा बापा, मले आता उतरवत नाही.’ वाट तिला ठाऊक आहे, पायही धड आहेत, पण देह नको म्हणतो. शाळेत आपण याला शक्य क्रियापद म्हणून पाठ केले आणि परीक्षेनंतर विसरलो. हा निव्वळ व्याकरणाचा प्रश्न नाही. ‘मले चालवत नाही’ हे आजीचे बोलणे शिकलेल्या नातवाने दवाखान्यात ‘आजी चालू शकत नाही’ असे ‘सुधारून’ सांगितले, तर डॉक्टर आधी पाय तपासतील. तिला सांगावयाचा होता तो थकवा.

वर्गाच्या दाराशीही तेच. ‘सर, मी आत येऊ शकतो का?’ आता हे सरांना काय ठाऊक? ‘येऊ का, सर?’ एवढ्यात आदब आली, परवानगीही आली.

आणि विनंती? ‘आपण मला पुस्तक देऊ शकता का?’ हे सभ्य, अन् आपले ‘पुस्तक देजो’ गावंढळ, अशी समजूत मेहकर-चिखलीकडून येणाऱ्या मुलांच्याही मनात रुजली आहे. वर्गात तोंड उघडण्याआधी ती वाक्य मनात दोनदा धुऊन घेतात. कित्येकदा तोवर प्रश्न विचारण्याची वेळ निघून जाते. वास्तविक ‘दे’ मध्ये आत्ताची घाई आहे. ‘देजो’ मध्ये ती नाही. सवडीने दे, आठवणीने दे, असे सारे त्या एका ‘जो’ मध्ये आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा आपण सर्वांनी आनंद मानला. त्या मराठीत ‘देजो’ धरला आहे की नाही, हे आमच्या प्राध्यापकांनी एकदा वर्गात सांगावे.