पट्ट्यांची होडी

मुलांनो, कागदी होडी तर तुम्ही सगळेच करता. पण माणूस बसेल अशी लाकडी होडी घरी करता येईल का? येईल की! जाड फळी वाकवायला गेलात तर ती मोडेल. म्हणून पाव इंच जाडीच्या लांब पट्ट्या कापतात. होडीच्या आकाराचे साचे ओळीने उभे करून त्यांवर एकेक पट्टी वाकवतात आणि शेजारच्या पट्टीला चिकटवतात. मग घासून गुळगुळीत करायचे. शेवटी आतून-बाहेरून काचतंतूंचे कापड इपॉक्सीने चिकटवायचे. झाली हलकी, मजबूत होडी!

गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात 'म्हादेई' ही ५६ फुटी शिडाची नौका अशाच सीडरच्या पट्ट्यांपासून बनली. २००९-१० मध्ये कमांडर दिलीप दोंदे यांनी तिच्यातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय!

डोंबिवलीच्या दोन खोल्यांत एवढी जागा कुठली? मग पुठ्ठ्याचे साचे आणि जाड कागदाच्या पट्ट्या घ्या. डिंक वाळला की वरून मेणबत्ती घासा. सुटी पट्टी पाण्यात किती नाणी पेलते, आणि अख्खी होडी किती? मोजून बघा. मात्र हे बादलीतच हं! खाडीवर मोठ्यांशिवाय जायचे नाही.