ऑनलाइन लाकूड विक्री आणि छायाचित्रात न दिसणारी कीड

लखनौच्या ऐशबाग भागातील लाकडाच्या वखारीत ग्राहक फळी हाताने ठोकून पाहतो, कडा न्याहाळतो, वजनावरून ओल अजमावतो. भावाची बोलणी त्यानंतर सुरू होतात. ऑनलाइन व्यवहारात नेमकी हीच पायरी गळते. लाकूड व्यावसायिक ऑनलाइन विक्रीकडे वळत नाहीत, याचे कारण बहुधा भांडवलाच्या किंवा संगणक-साक्षरतेच्या अभावात शोधले जाते. ही कारणे खोटी नाहीत, पण दुय्यम आहेत. मुख्य प्रश्न मालाच्या हमीचा आहे.

लखनौजवळच्या मलिहाबादच्या जुन्या आंबा बागांतून निघणारे लाकूड हे त्याचे बोलके उदाहरण होय. आंब्याच्या लाकडात स्टार्च भरपूर असल्याने लायक्टस व सायनोक्सिलॉनसारखे भुंगेरे त्याकडे आकर्षित होतात. अळ्या आतून लाकडाची भुकटी करीत राहतात आणि पृष्ठभाग मात्र अखंड दिसतो. बारीक छिद्रे दिसू लागतात ती प्रौढ भुंगेरे बाहेर पडताना, म्हणजे कित्येकदा पैसे चुकते झाल्यानंतर काही महिन्यांनी. अशा मालाचे उत्तम छायाचित्रही ग्राहकाची दिशाभूलच करते. एका तक्रारीने नाव बिघडेल, ही विक्रेत्याची भीती म्हणूनच अनाठायी नाही.

याउलट उत्तर प्रदेश वन निगमासारख्या सरकारी यंत्रणांचे ई-लिलाव चालतात. तेथे लाकडाचे गट क्रमांकित व मोजलेले असतात आणि बोलीपूर्वी डेपोत जाऊन पाहता येतात. ऑनलाइन होते ती केवळ बोली. पारख डोळ्यांनीच होते. किरकोळ विक्रेत्याला ही सोय नाही. त्याला पारखीऐवजी पुरावा द्यावा लागेल.

असा पुरावा शक्य असल्याचे निर्यातीने दाखवले आहे. आयएसपीएम-१५ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या उष्णता प्रक्रियेत वेष्टनाच्या लाकडाचा गाभा ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटे तापवावा लागतो. त्यानंतर उमटवलेला शिक्का परदेशी बंदरावर ग्राह्य धरला जातो. देशांतर्गत विक्रीसाठीही सुकवणीचे आयएस ११४१ आणि परिरक्षणाचे आयएस ४०१ ही भारतीय मानके उपलब्ध आहेत. वाहतूक परवान्याची अडचण कमी करण्यासाठी २०२३ च्या डिसेंबरमध्ये राष्ट्रीय पारगमन परवाना प्रणालीही सुरू झाली. उणीव आहे ती मानके छोट्या वखारीपर्यंत पोहोचण्याची.

म्हणून विक्रेत्यांना केवळ संकेतस्थळ उघडून देणाऱ्या योजनांचा उपयोग मर्यादितच राहील. सामायिक सुकवणी भट्टी, बोरॅक्स-बोरिक ॲसिड प्रक्रियेची सोय आणि प्रत्येक गटावर प्रजाती, घनमाप, आर्द्रता व प्रक्रियेची नोंद, यांवर आधी खर्च व्हावा. शेतकरी उत्पादक कंपन्यांनी हे काम हाती घेतल्यास बांधावरचा साग किंवा बागेतला आंबा विकणारा शेतकरीही दूरच्या ग्राहकापर्यंत पोहोचेल. आज त्याला दलालाच्या नजरेने ठरलेला भाव स्वीकारावा लागतो. लाकडाचा बाजार ऑनलाइन जाण्याचा मार्ग सुकवणी भट्टीतून जातो.