कपाटातल्या कॅसेट या सुट्टीत डिस्कवर घ्या



तुमच्या घरी लोखंडी कपाटात, साड्यांच्या घडीखाली, लग्नाची नाहीतर बारशाची कॅसेट असेलच. आपल्या हिंगोली, वसमत, कळमनुरीकडे नव्वदच्या दशकात लग्नात व्हिडिओवाला आला की त्याच्या फोकसमागं मांडवभर पोरं पळायची. पुढं कुणाच्या तरी नोकरीवाल्या मामाकडं हँडीकॅम आला आणि शाळेचं स्नेहसंमेलन, हिंगोलीचा दसरा असं बरंच काही छोट्या कॅसेटींवर टिपलं गेलं. माझं स्पष्ट मत आहे, या कॅसेटी याच सुट्टीत डिस्कवर उतरवून घ्या. दिवाळीला बघू म्हणू नका.

कॅसेट म्हणजे प्लॅस्टिकच्या फितीवर बसवलेला चुंबकीय कणांचा थर. ओल धरली की त्यावर पांढरी बुरशी येते. अशी कॅसेट तशीच मशीनमध्ये घातली तर मशीनचं हेडही खराब होतं, म्हणून आधी जाणकाराकडून साफ करून घ्या. समजा, फीत धडधाकट आहे. ती लावणार कशावर? जपानच्या फुनाई कंपनीनं २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं. तो बनवणारी ती शेवटचीच कंपनी होती. आता जुने आहेत तेवढेच.

दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ चा. तो आज पूर्ण उपलब्ध नाही, काही भागच उरला आहे. एवढ्या मोठ्या चित्रपटाची ही गत, आणि चित्रपट जपायला निदान पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय तरी आहे. तुमच्या आत्याच्या हळदीची कॅसेट कोण जपणार?

काम अवघड नाही, वेळखाऊ आहे. व्हीसीआर किंवा हँडीकॅम कॉम्प्युटरला जोडून कॅसेट पूर्ण चालवावी लागते. तीन तासांची कॅसेट उतरवायला तीनच तास लागतात. (मधेच लाईट गेली तर पुन्हा गोविंदा!) साध्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावतं, म्हणजे चांगल्या दर्जाचं साधारण दोन तासांचं चित्रण. तीन तास एकाच डिस्कमध्ये कोंबले की चेहरे पुसट होतात, म्हणून दोन डिस्क करा. शिवाय मूळ फाईल पेनड्राईव्हवर मागून घ्या, कारण नव्या लॅपटॉपला डिस्क घालायची जागाच नसते. व्हीएचएस कॅसेटच्या कडेची छोटी पट्टी आधी मोडून टाका, म्हणजे चुकून तिच्यावर दुसरं काही रेकॉर्ड होणार नाही.

दुकानदाराला एक गोष्ट मात्र बजावून सांगा: वरून गाणी टाकू नका, काटछाट करू नका. त्या काळी मिक्सिंगच्या नावाखाली अख्ख्या लग्नावर सिनेमाची गाणी चढवली जायची. नवरदेव घोड्यावर बसला की एक गाणं, विदाईला दुसरं. त्यात मंगलाष्टका गेल्या, उखाणे गेले, पंगतीतला आग्रह गेला. म्हणून मिक्सिंग न केलेली कच्ची कॅसेट घरात असेल तर आधी ती उतरवा. आजीचा फोटो बहुतेक घरात भिंतीवर असतो, तिचा आवाज कुठंच नसतो. ती 'काय करायलास रे?' कशी म्हणायची, हे नातवाला फोटो सांगू शकत नाही.

आणि शिक्षक बंधू-भगिनींनो, यात मुलांना घ्या. परिसर अभ्यासात कुटुंबाची ओळख शिकवतोच आपण. मुलांना आजी-आजोबांशेजारी बसवून चित्रण बघायला सांगा. हे कोण, कुठल्या गावचे, आपले कोण लागतात, हे त्यांनी वहीत लिहावं. पुढं कितव्या मिनिटाला दिसतात तेही लिहावं. त्या मांडवातले निम्मे चेहरे आज घरातल्या एखाद्याच म्हाताऱ्या माणसाला ओळखू येतात. दुकानाचा नंबर लागायला वेळ असेल तर नावं आधी लिहून घ्या. त्यासाठी लग्नाचा अल्बमही चालतो.