परक्या मुलुखात गाठीचा पैसा

फेब्रुवारी २०२४ मध्ये पॅरिसच्या आयफेल टॉवरची तिकिटे यूपीआयद्वारे काढण्याची सोय सुरू झाली आणि त्या वृत्ताने भारतीय मन साहजिकच सुखावले. त्याच महिन्याच्या १२ तारखेला श्रीलंका आणि मॉरिशस येथेही यूपीआयचा प्रारंभ झाला. भूतानने २०२१ मध्येच ही प्रणाली स्वीकारली होती आणि २०२३ मध्ये सिंगापूरच्या देयक प्रणालीशी तिची जोडणी झाली. ज्या देशाच्या नागरिकाला काही दशकांपूर्वी मोजक्या परकीय चलनासाठी रिझर्व्ह बँकेचे उंबरठे झिजवावे लागत, त्या देशासाठी ही अभिमानाचीच गोष्ट होय. तथापि अभिमान वेगळा आणि खिशातील तयारी वेगळी. यूपीआय चालते ती मोजक्या देशांत, आणि तेथेही निवडक ठिकाणी. रोमच्या टॅक्सीवाल्यापुढे किंवा न्यूयॉर्कच्या हॉटेलच्या खिडकीशी भ्रमणध्वनी पुढे करून उपयोग होत नाही. तेथे लागते ते कार्ड आणि थोडी रोकड. आणि नेमक्या याच दोन बाबतींत आपली मध्यमवर्गीय कुटुंबे कमालीची गाफील असतात.

वस्तुतः परमुलुखात पैसा सुरक्षित कसा न्यावा, याचे शास्त्र आपल्याकडे नवे नाही. काशीयात्रेला निघालेला गृहस्थ सारी पुंजी कमरेला बांधून निघत नसे. पेठेतल्या सावकाराकडे रक्कम भरून हुंडी घेत असे. त्या हुंडीचे प्रकार पाहिले म्हणजे आपल्या पूर्वजांच्या व्यवहारबुद्धीचे कौतुक वाटते. शहाजोग हुंडीचे पैसे वाटेल त्या धारकाला मिळत नसत. बाजारात पत असलेल्या, ओळखीच्या शहालाच ते दिले जात. चोराने कागद पळवला तरी त्याच्या हाती पैसा लागू नये, हा त्यातला हेतू. हुंडी हरवली तर तिची दुसरी प्रत मिळे, तिला पेठ म्हणत. तीही गहाळ झाली तर परपेठ. आजच्या भाषेत बोलायचे तर ओळख पटवणे, हरवलेले साधन निरुपयोगी करणे आणि पर्यायी साधन देणे, या तिन्ही गोष्टी तेथे होत्या. आजच्या कार्डातही त्या आहेत. फरक इतकाच की हुंडीचे नियम पेठेतल्या प्रत्येकाला तोंडपाठ असत. कार्डाचे नियम मात्र ते बाळगणाऱ्यालाच ठाऊक नसतात.

पहिला नियम घराबाहेर पडण्यापूर्वीचा. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये काढलेल्या आदेशामुळे नवे कार्ड हाती येते तेव्हा ते केवळ देशांतर्गत एटीएम आणि दुकानांतील यंत्रांपुरतेच चालू असते. परदेशातील वापर ग्राहकाने स्वतः सुरू करावयाचा असतो; एटीएम, दुकान, ऑनलाइन खरेदी आणि स्पर्शाने होणारे व्यवहार यांची कळ वेगवेगळी, आणि प्रत्येकाची मर्यादाही ठरवता येते. ही तरतूद उत्तम आहे. पण ती माहीत नसलेला प्रवासी फ्रँकफर्टच्या विमानतळावर कार्ड नाकारले गेले की बँकेला दोष देत बसतो. याच्या उलट टोकाचे लोकही आहेत. ते सगळ्या कळा एकदा उघडतात आणि परत आल्यावर वर्षानुवर्षे तशाच ठेवतात.

कार्ड आपल्या खिशात आहे म्हणजे ते सुरक्षित आहे, ही समजूत पुण्याने २०१८ च्या ऑगस्टमध्येच मोडीत निघालेली पाहिली. कॉसमॉस सहकारी बँकेच्या यंत्रणेत शिरून चोरट्यांनी दोन दिवसांत सुमारे ९४ कोटी रुपये लांबवले. त्यातील मोठा भाग बनावट कार्डांच्या साहाय्याने २८ देशांतील एटीएममधून काढला गेला. खऱ्या कार्डांचे मालक तेव्हा आपापल्या घरी होते. तो घाव बँकेवर पडला, ग्राहकांच्या खात्यांवर नाही, हे खरे. परंतु पैशाच्या चोराला आता पारपत्र लागत नाही, हे त्या दोन दिवसांत दिसले.

दुसरी गोष्ट ओटीपीची. हिंदुस्थानात ऑनलाइन खरेदी करताना भ्रमणध्वनीवर येणारा सांकेतिक अंक आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की, तो आल्यावाचून पैसे जाणारच नाहीत असे आपण गृहीत धरतो. ही सक्ती आपल्या रिझर्व्ह बँकेची आहे. परदेशातील विक्रेत्यांची पद्धत वेगळी. तेथे कार्डाचा क्रमांक, मुदत आणि पाठीमागचे तीन अंक एवढ्यावरही व्यवहार पुरा होऊ शकतो. अमेरिकेतील उपाहारगृहात वाढपी बिलासह कार्ड घेऊन आत जातो आणि काही मिनिटांनी परततो. त्या समाजात ती रीतच आहे. पण त्या काही मिनिटांत कार्डावरचे सारे काही वाचता येते. म्हणून अशा देशात बचत खात्याचे डेबिट कार्ड शक्यतो बाहेर काढू नये. डेबिट कार्डावरून गेलेला पैसा आपल्या खात्यातून गेलेला असतो आणि परत मिळेपर्यंत आपण रिकाम्या हाताने बसतो. क्रेडिट कार्डावर वाद निर्माण झाला तर रक्कम निदान घरात असते. मात्र क्रेडिट कार्डाने एटीएममधून रोकड काढणे हा शुद्ध आतबट्ट्याचा व्यवहार होय. त्यावर शुल्क तर पडतेच, शिवाय पहिल्या दिवसापासून व्याज चढते.

प्रीपेड परकीय चलन कार्ड हा मध्यम मार्ग. त्यात भरली तेवढीच रक्कम धोक्यात असते, दर भरतानाच ठरतो, आणि अनेकदा बँक सोबत दुसरे पर्यायी कार्डही देते. जुन्या भाषेत पेठ. पण ही दोन्ही कार्डे एकाच पाकिटात ठेवणारे महाभाग थोडे नाहीत. युरोपच्या सहलीवर निघालेल्यांनी आणखी एक ध्यानात घ्यावे. युरोप म्हणजे सर्वत्र युरो नव्हे. ब्रिटनमध्ये पौंड चालतो आणि आपल्या सहलींचे आवडते ठिकाण असलेल्या स्वित्झर्लंडमध्ये फ्रँक. युरो भरलेले कार्ड तेथे चालते, पण चलनबदलाचे शुल्क गुपचूप कापले जाते. युरोची नोट दिली तर अनेक दुकानदार घेतात. सुटे मात्र फ्रँकमध्ये देतात, तेही आपल्या दराने.

गुपचूप कापल्या जाणाऱ्या पैशाचा खरा सापळा वेगळाच आहे. परदेशातील दुकानात किंवा एटीएमवर कार्ड लावले की यंत्र आदबीने विचारते, रक्कम रुपयांत द्यायची की स्थानिक चलनात? रुपया हा शब्द दिसताच आपल्याला जिव्हाळा वाटतो आणि बोट तिकडे वळते. येथे हा जिव्हाळा महाग पडतो. रुपयांत रूपांतर करणारा दर त्या दुकानदाराच्या बाजूची संस्था ठरवते आणि त्यात आपला नफा घालते. त्यावर आपल्याकडील काही बँका वेगळे शुल्क लावतात ते निराळेच. स्थानिक चलन निवडले तर कार्डकंपनीचा दर लागतो आणि आपल्या बँकेचे अधिमूल्य. तेही थोडे नसते. अनेक कार्डांवर ते साडेतीन टक्के असते, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे लाखाच्या खरेदीला ४,१३० रुपये. बँका हे बारीक अक्षरांत छापतात. कार्ड देताना ग्राहकाला त्याच्या भाषेत समोर बसवून हे सांगावे, असे त्यांना वाटत नाही; आणि मराठी माणूसही स्वतःच्या पैशाविषयी प्रश्न विचारण्यास उगाच संकोचतो.

रोकड किती न्यावी? बहुतेक देशांसाठी एका प्रवासाला ३,००० डॉलरपर्यंत परकीय नोटा नेता येतात, उरलेले कार्डावर. लंडनच्या बसमध्ये २०१४ च्या जुलैपासून रोख पैसे घेतलेच जात नाहीत, स्वीडनमध्येही बहुतेक सारे कार्डावरच चालते; उलट जर्मनीत आणि जपानमध्ये लहान दुकानदार आजही नोटेला मान देतो. तेव्हा प्रमाण देश पाहून ठरवावे. पॅरिसची भुयारी रेल्वे, रोमचे मुख्य स्थानक, बार्सिलोनाचा रामब्ला रस्ता ही खिसेकापूंची माहेरघरे होत. तोतया पोलीस पाकीट तपासण्यासाठी मागतो, हाही तिकडचा जुना प्रकार आहे. खरा पोलीस पारपत्र पाहील; नोटा मोजण्याचे त्याला कारण नाही.

या साऱ्याहून गंभीर गोष्ट आपल्या कुटुंबव्यवस्थेतील आहे. सहलीच्या बसमध्ये बसलेल्या दांपत्यांकडे पाहावे. पतीच्या कमरपट्ट्यात दोघांची पारपत्रे, दोघांची रोकड, सारी कार्डे आणि भ्रमणध्वनी. पत्नीच्या पर्समध्ये गोळ्या, शेंगदाण्याचे लाडू आणि चष्मा. खाते संयुक्त असले तरी ओटीपी एकाच क्रमांकावर येतो, आणि तो क्रमांक पतीचा. हा पट्टा चोरीला गेला, किंवा त्याहून वाईट म्हणजे पट्ट्याचा धनीच परक्या गावात रुग्णालयात दाखल झाला, तर त्या गृहिणीने काय करावे? तिच्या नावाचे स्वतंत्र खाते, स्वतंत्र कार्ड, तिला पाठ असलेला पिन आणि तिच्या स्वतःच्या क्रमांकावर येणारा संदेश ही चैन नव्हे. क्रेडिट कार्डाचे पुरवणी कार्ड यासाठी पुरेसे नाही, कारण ते मूळ खात्याशीच बांधलेले असते. घरचा सारा हिशेब चोख ठेवणाऱ्या स्त्रीला विमानात बसताच परावलंबी करणारी ही रीत मोडली पाहिजे.

मुलाकडे अमेरिकेत सहा महिने राहायला जाणाऱ्या आईवडिलांची अडचण थोडी वेगळी. तेथे पोहोचताच मुलगा स्थानिक सिमकार्ड घालून देतो आणि भारतीय सिम डबीत जाते. तीन महिने वापर आणि रिचार्ज नसलेला क्रमांक बंद होऊ शकतो. आणि निवृत्तिवेतनाच्या खात्याची किल्ली तर त्याच क्रमांकाला बांधलेली असते. निघण्यापूर्वी रोमिंग सुरू करून घेणे, संदेश स्वीकारण्याला शुल्क आहे का हे विचारणे आणि रिचार्जची मुदत परतीच्या तारखेपुढे नेणे, एवढ्या तीन गोष्टींनी हा घोळ टळतो.

कार्ड हरवलेच तर? कार्डाच्या पाठीवरचा मदत क्रमांक कार्डाबरोबरच गेलेला असतो. शिवाय आपल्याकडील निःशुल्क क्रमांक परदेशातून बहुधा लागत नाहीत. बँकेचा देशाच्या सांकेतिक अंकासह लागणारा क्रमांक वहीत, बॅगेत आणि घरच्या माणसाकडे, असा तिन्ही ठिकाणी लिहून ठेवावा. रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये तत्त्व घालून दिले की, दोष ग्राहकाचा किंवा बँकेचा नसताना झालेला अनधिकृत व्यवहार, सूचना मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवला तर ग्राहकावर तोशीस नाही. उशीर होईल तसा ग्राहकाचा वाटा वाढतो. पिन कार्डाच्या पाकिटातच लिहून ठेवणाऱ्याला मात्र हे संरक्षण मिळत नाही, कारण तो निष्काळजीपणा त्याचा स्वतःचा ठरतो. तक्रार दूरध्वनीवर केली तरी तिचा क्रमांक मागून घ्यावा.

येथवरचा विचार व्यक्तीपुरता झाला. एक प्रश्न राष्ट्राचाही आहे. मार्च २०२२ मध्ये युक्रेन युद्धानंतर व्हिसा आणि मास्टरकार्ड या दोन अमेरिकी कंपन्यांनी रशियातील कामकाज थांबवले. परदेशात सुट्टीवर असलेल्या रशियनांची कार्डे निकामी झाली, आणि बाहेरच्या देशांतील कार्डे रशियात चालेनाशी झाली. तेथे वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनाही त्याची झळ बसली. परंतु रशियाच्या आतील कार्डव्यवहार चालूच राहिले, कारण २०१४ नंतर त्या देशाने स्वतःची प्रक्रिया यंत्रणा उभी केली होती. आपले रुपे कार्ड २०१२ मध्ये आले तेव्हा त्याची थट्टा करणाऱ्यांनी हा प्रसंग अभ्यासावा. मात्र फुशारकीलाही जागा नाही. रुपे परदेशात चालते ते बहुतांशी डिस्कव्हर, जेसीबी अशा परकीय जाळ्यांच्या खांद्यावरून. देशात आपण स्वतंत्र झालो, सीमेपलीकडे अद्याप नाही. रशियाला जाणाऱ्याला सारे परकीय चलन नोटांच्या रूपात नेण्याची मुभा आपल्या नियमांत आहे, ती म्हणूनच आज मोलाची ठरते.

शासनाच्या धोरणातही स्थैर्य हवे. मे २०२३ मध्ये परदेशातील क्रेडिट कार्डाचा खर्च वार्षिक अडीच लाख डॉलरच्या मर्यादेत आणि पर्यायाने टीसीएसच्या कक्षेत आणणारी अधिसूचना निघाली; गदारोळ झाला आणि जूनअखेर तो निर्णय पुढे ढकलण्यात आला. टीसीएस हा अंतिम कर नव्हे, विवरणपत्रात तो जमा दाखवता येतो. पण पैसा महिनोन्‌महिने अडकतो. सात लाखांची सूट एप्रिल २०२५ पासून दहा लाख झाली, हे चांगले झाले. दर मात्र वारंवार बदलतात, म्हणून सहलीचे पैसे भरण्याआधी त्या वर्षीचा दर विचारून घ्यावा.

परतल्यावर उरलेल्या नोटांचे काय होते, हे प्रत्येक घरातील कपाट सांगेल. २,००० डॉलरपर्यंतचे परकीय चलन जवळ ठेवता येते; त्यावरचे १८० दिवसांत बँकेला परत करणे बंधनकारक आहे. पुढच्या वेळी उपयोगी पडतील म्हणून जपलेल्या नोटाही कायम चालतातच असे नाही. ब्रिटनच्या वीस आणि पन्नास पौंडांच्या कागदी नोटा ३० सप्टेंबर २०२२ नंतर दुकानात चालेनाशा झाल्या. बँक ऑफ इंग्लंड त्या आजही बदलून देते, म्हणून लंडनला जाणाऱ्या भाच्याकडे ते जुने पाकीट सोपवता येईल. फक्त त्याला ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा जवळ ठेवण्यास सांगावे.