मुळाशी राबणाऱ्या



या वेळच्या संपादकीयाचा विषय पाहून काहीजणींना नवल वाटेल. स्त्री-प्रश्नाचा आणि मातीतल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाणूंचा काय संबंध? मलाही सुरुवातीला तसंच वाटलं होतं.

मध्यंतरी सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावी बीजप्रक्रियेच्या प्रशिक्षणाला गेले होते. खुर्च्यांवर खातेदार पुरुष, मागे सतरंजीवर आम्ही बायका. साहेबांनी विचारलं, "मागच्या वर्षी जिवाणू खताचं पाकीट कोणी कोणी वापरलं?" बरेच हात वर गेले. "कसं लावलं?" यावर मात्र सगळे गप्प. शेवटी एकाने मागे वळून बायकोला विचारलं, "काय गं, कसं लावलं होतंस?" ती म्हणाली, "गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्याला चोळलं, सावलीत सुकवलं, लगेच पेरायला दिलं." उत्तर अगदी बरोबर होतं. सगळे हसले, मीही हसले. घरी येताना मात्र ते हसू मनाला टोचत राहिलं.

त्या पाकिटात असतं तरी काय? पावसाने ओढ दिली की झाडाच्या अंगात इथिलीन नावाचा वायू वाढतो. त्याने मुळांची वाढ खुंटते, पानं पिवळी पडून गळतात. मुळांभोवती राहणारे काही जिवाणू इथिलीन ज्या पदार्थापासून बनतं तो पदार्थच खाऊन टाकतात. मग मूळ ताणातही ओलीचा माग काढत खोल जाऊ शकतं. काही जिवाणू चिकट, बुळबुळीत द्रव सोडतात, त्यामुळे मुळाला माती धरून राहते आणि ओल टिकते. ज्वारी-बाजरीला लावतात तो अ‍ॅझोस्पिरिलम मुळांना जास्त फाटे फुटायला मदत करतो. बदल्यात झाड आपल्या मुळांवाटे या जिवांना साखर पुरवतं. जमिनीखालचा हा व्यवहार देवाणघेवाणीचा आहे. जमिनीवरचा तसा नाही, हीच आपली तक्रार आहे.

अ‍ॅझोस्पिरिलमचं गवतवर्गीय पिकांशी असलेलं नातं जगापुढे आणण्यात योहाना डोबेरायनर या ब्राझीलमधल्या शास्त्रज्ञ बाईंचा मोठा वाटा होता. त्यांचं काम पुढे नेणाऱ्या मारिआंजेला उंग्रिया यांना २०२५ साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. हे वाचून अभिमान वाटला. पण तिथल्या सोयाबीनच्या अफाट शेतांचे मालक कोण, हा प्रश्नही मनात आलाच. शोध बाईचा असला म्हणून त्याचा लाभ बाईपर्यंत आपोआप पोचत नाही.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. पाकीट म्हणजे पाणी नव्हे. प्रयोगशाळेत जो गुण दिसतो तो प्रत्येक शेतात दिसतोच असं नाही. माती, पीक, जिवाणूचा वाण, जमिनीत आधीपासून असलेले जीव यांवर सारं अवलंबून असतं. २०२३ चा ऑगस्ट हा १९०१ पासूनचा देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. अशा खंडात जिवाणूंनी पीक चार दिवस जास्त तगलं तरी मोलाचंच. पण त्यांच्या नावाखाली पाण्याच्या वाटपाचा, उसाला जाणाऱ्या पाण्याचा, रोजगार हमीच्या कामांचा प्रश्न कोणी गुंडाळून ठेवू पाहील, तर ते आम्हाला मान्य नाही.

आणि पाकिटातले जीव जिवंत हवेत. मे महिन्यात पत्र्याखाली तापलेलं, मुदत उलटलेलं पाकीट म्हणजे नुसती काळी भुकटी. साधारणपणे दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅमचं पाकीट लागतं. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, जिवाणू त्यानंतर. हा क्रम चुकला तर जिवाणू मरतात. बुरशीनाशक उघड्या हातांनी कालवलं तर त्रास कोणाच्या हाताला होतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. पाकीट विकणाऱ्याने, वाटणाऱ्याने हे सगळं कालवणाऱ्या बाईला सांगायला नको का? पण तिला सांगत कोणी नाही, कारण कागदावर ती शेतकरीच नाही.

महाराष्ट्रात १९९४ साली आणि देशभर २००५ साली मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत समान हक्क देणारे कायदे झाले. तरीही २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या खातेदारांमध्ये स्त्रिया जेमतेम १४ टक्के होत्या. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून प्रशिक्षणाला बोलावणं नाही, अनुदान नाही, नुकसानभरपाई नाही. इतकी वर्षं आम्ही जमिनीच्या हक्कावर बोललो, पण त्या जमिनीतल्या मातीविषयी फारसं बोललो नाही, ही आमचीही चूक. हक्क आणि ज्ञान दोन्ही एकदमच मागायला हवेत.

म्हणून आमची मागणी साधी आहे. काम जी करते तिला प्रशिक्षण द्या, खातेदार असो वा नसो. पाकिटावरची तारीख ठळक, मराठीत आणि वाचता येईल अशी छापा. हातमोजे पाकिटासोबत द्या. आणि सतरंजी पुढे घ्या!

तुमच्या घरी बियाण्याला हात कोणाचा लागतो, आणि पीक आल्यावर नाव कोणाचं होतं, हे आम्हाला जरूर कळवा. लिहिता येत नसेल तर शेजारच्या शाळकरी मुलीकडून लिहून घ्या. तिलाही ते कळलेलं बरं.