सर्दी आहे, म्हणून लस टाळावी काय?

फ्लूची लस घेण्याचा दिवस ठरतो आणि नेमके त्याच दिवशी नाक वाहू लागते. ‘बरे वाटले की पाहू’ असे म्हणून बेत पुढे ढकलला जातो आणि बहुधा राहूनच जातो. वस्तुतः किरकोळ सर्दी-खोकला हा लस घेण्यास अडसर नव्हे. इंजेक्शनच्या लसीतील विषाणू निष्क्रिय असल्याने तिच्यामुळे फ्लू होत नाही. अंगात सणकून ताप असल्यास मात्र बरे होईपर्यंत थांबणे इष्ट. शंका असल्यास डॉक्टरांना विचारावे. संरक्षण निर्माण होण्यास सुमारे २ आठवडे लागतात आणि भारताच्या बहुतांश भागांत पावसाळ्यात फ्लू बळावतो. मधुमेही, दम्याचे रुग्ण व ज्येष्ठांना हा विलंब महाग पडू शकतो. विम्याचा हप्ता संकटापूर्वीच भरावा लागतो. लसीचेही तसेच आहे.