आधी बटाटा काढा

शाळेत ड्रॉइंगची लोअर परीक्षा दिली, कुणी हायरही दिली, सर्टिफिकेट अजून ट्रंकेत आहे. पण त्यानंतर पेन्सिल हातात आली ती दुधाचा हिशेब लिहायला. बेळगावजवळच्या कडोलीत, अलतग्यात, कंग्राळीत, गल्लोगल्ली अशी माणसं आहेत. हे आवाहन त्यांना आहे. चित्र पुन्हा सुरू करा. रोज, पंधरा मिनिटं.

वेळ नाही ही अडचण मी फारशी मानत नाही. सुगीचे दिवस सोडले तर पंधरा मिनिटं कट्ट्यावरच्या गप्पांतूनही निघतात. खरी अडचण पहिल्या आठवड्यात येते. वीस वर्षांनी म्हैस काढायला बसावं आणि कागदावर कुत्रं उभं राहावं. मग आपण म्हणतो, हात गेला. हात कुठं गेलेला नसतो. तो दहावीत होता तिथंच आहे. डोळा मात्र मधली वीस वर्षं रोज म्हशी बघत आलाय, त्याला चूक लगेच कळते. शाळेत तीच म्हैस झकास वाटायची, कारण तेव्हा डोळाही कच्चाच होता. आता चित्र वाईट दिसतंय म्हणजे नजर वाढली आहे. हाताला तिच्यापर्यंत आणायला रोज कागद खरडण्यावाचून दुसरा उपाय मला माहीत नाही.

तेव्हा म्हशीच्या वाटेला इतक्यात जाऊ नका. बटाटा घ्या. आपल्याकडं तो शोधायला लागत नाही. त्याची बाहेरची रेघ थोडी इकडंतिकडं झाली तरी तो बटाटाच राहतो, त्यामुळं सगळं लक्ष उजेडाकडं देता येतं. दिवा बंद करा, बटाटा खिडकीजवळ पांढऱ्या कागदावर ठेवा आणि डोळे अर्धवट मिटून नुसतं बघा. सावलीच्या बाजूला सगळ्यात गडद भाग अगदी कडेला नसतो, कडेच्या जरा आत असतो. खालच्या कागदावरून परतलेला उजेड कडेला किंचित उजळवतो म्हणून. हे एकदा दिसलं आणि कागदावर उतरवलं, की चपटा बटाटा गोल व्हायला लागतो. पेन्सिल ४ बी घ्या, एचबीनं गडद छटा येत नाही. खोडरबर घरातल्या पोरांना देऊन टाका. चुकलेली रेघ राहू दे, तिच्या शेजारी दुसरी मारा.

मोबाइलमधले फोटो बघून मात्र काढू नका, निदान पहिले सहा महिने. जवळचं काय, लांबचं काय, चौकटीत काय घ्यायचं, हे सगळं कॅमेऱ्यानं आधीच ठरवून टाकलेलं असतं. जे काम नजरेनं शिकायचं, तेच फोटो फुकटात करून देतो.

या कामात आपला भाग मागं नाही. बेळगावात के. बी. कुलकर्णींनी चित्रमंदिर चालवलं, तिथं घडलेल्या विद्यार्थ्यांत रवी परांजपे होते. १९३५ साली बेळगावात जन्मलेल्या या चित्रकारानं पुढं मुंबईत आणि नैरोबीतही काम केलं. आपल्या आत्मचरित्राला त्यांनी नाव दिलं ‘ब्रश मायलेज’. ब्रश किती चालला, एवढाच तो हिशेब. आणि वय झालं म्हणणाऱ्यांसाठी जपानचा चित्रकार होकुसाई याचं उदाहरण आहे. ऐंशी ओलांडल्यावर, १८४२-४३ च्या सुमारास, तो दिवसाला एक सिंह काढत असे. त्यातली दोनशेहून जास्त चित्रं अजून टिकून आहेत. पोटापाण्यासाठी त्याला सिंहांची गरज नव्हती.

बटाट्याला महिना द्या. मग रताळं, तांब्या, खुरपं. माणसांकडं वळाल तेव्हा बेळगावच्या बसची वाट बघणारी माणसं बरी. पण बस आली की मॉडेल उठून जातं. त्याहून चांगली सोय आपल्या गावातच आहे. दरवर्षी कडोलीत साहित्य संमेलन भरतं. अध्यक्षीय भाषण लांबलं की मागच्या रांगेतली मंडळी चित्रकाराला हवी तशी निश्चल बसतात. एवढी माणसं, फुकटात! साहित्याचा अपमान होईल असं वाटत असेल तर एका कानानं ऐकत राहा.

वही बिनरेघांची, शंभर पानी, स्वस्तातली घ्या. भारी कागद घेतला की हात आखडतो. पानावर तारीख टाका आणि वही कुणाला दाखवू नका. घरचे कौतुक करतील किंवा हसतील, दोन्हीनं काम बिघडतं. एखादा दिवस राहिलाच तर दुसऱ्या दिवशी एकच चित्र काढा, दोन नाही. थकबाकी वाढत गेली की माणूस वहीलाच टाळायला लागतो. आणि घरात कुणी यंदा लोअरला बसणार असेल तर त्याच टेबलावर, त्याच्या शेजारी बसा. फक्त त्याच्या कागदावर आपली पेन्सिल लावू नका.